व्हेंटिलेटर लागला नाही, तरी आयसीयू का? बोरिस जॉन्सन यांच्या आजारपणाबद्दल

प्रश्न थोडक्यात असा: एप्रिल २०२० मध्ये कोविड झालेले ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन शुक्रवारी व्हिडिओत बोलताना दिसले, रविवारी रात्री 'तपासण्यांसाठी' हॉस्पिटलात गेले आणि सोमवारी थेट आयसीयूत. व्हेंटिलेटर मात्र लागला नाही, असं सरकार सांगत राहिलं. मग हा बाऊ होता, पंतप्रधान म्हणून मिळालेली खास वागणूक होती, की खरी तब्येत लपवली होती? प्रश्नाच्या शेवटी एक वाक्य आहे, आणि मला वाटतं खरा प्रश्न तिथेच आहे: "पुढच्या वर्षी माझ्या वडिलांनाही 'खबरदारी म्हणून आयसीयूत घेतोय' असंच सांगितलं होतं."

मी अतिदक्षता विभागात काम करते. कोविडच्या दोन्ही लाटांत हेच काम केलं, आजही करते. जॉन्सन यांचे केसपेपर मी पाहिलेले नाहीत. सरकारने त्या दिवसांत जे जाहीर केलं, त्यांनी स्वतः नंतर जे सांगितलं आणि हा आजार माणसाच्या शरीरात काय करतो, या तीन गोष्टींवर माझं उत्तर उभं आहे. तुम्ही दिलेल्या तीन शक्यतांपैकी एकही मला पूर्ण पटत नाही. आयसीयूत हलवण्याचा निर्णय वैद्यकीय दृष्टीने बरोबर होता, त्यात बाऊ नव्हता. लोकांना सांगितलेलं बरंचसं शब्दशः खरंही होतं. पण ज्या एका गोष्टीवरून तब्येत कळते, ती सुरुवातीला कोणी सांगत नव्हतं.

आधी तारखा बघू, कारण या आजारात तारखांशिवाय काहीच कळत नाही. २६ मार्चला त्यांना सौम्य लक्षणं जाणवली. २७ मार्चला पॉझिटिव्ह असल्याचं त्यांनी जाहीर केलं आणि डाउनिंग स्ट्रीटवर, म्हणजे पंतप्रधानांच्या निवासस्थानीच, विलगीकरणात राहून व्हिडिओवर मंत्रिमंडळाच्या बैठका घेत राहिले. ३ एप्रिलला, शुक्रवारी, ताप उतरत नाही म्हणून विलगीकरण वाढवतोय असं त्यांनी सांगितलं. ५ एप्रिलला संध्याकाळी राणी एलिझाबेथ यांचं देशाला उद्देशून भाषण झालं आणि त्यानंतर थोड्याच वेळात पंतप्रधानांना सेंट थॉमस हॉस्पिटलात दाखल केल्याची बातमी आली. ६ तारखेला संध्याकाळी सातच्या सुमारास आयसीयू. ९ ला वॉर्डात परत, १२ ला, ईस्टरच्या रविवारी, घरी.

आता मोजा. लक्षणं सुरू झाल्यावर दहा दिवसांनी दाखल, अकराव्या दिवशी आयसीयू. ज्याने कोविडचे पेशंट सांभाळले आहेत त्याला यात काहीही नवल वाटणार नाही. पहिला आठवडा विषाणूचा असतो: ताप, अंगदुखी, खोकला. बहुतेक लोक याच टप्प्यावर सुटतात. काहींच्या बाबतीत साधारण सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास दुसरा टप्पा सुरू होतो. विषाणू तोवर ओसरायला लागलेला असतो, पण शरीराची प्रतिकारशक्ती आवरत नाही. तिच्याच माऱ्याने फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या सुजतात, त्यात पाणी भरतं, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. म्हणून आठव्या दिवशी व्हिडिओत नीट बोलणारा माणूस अकराव्या दिवशी आयसीयूत असणं हे या आजाराचं नेहमीचं वागणं आहे. आपल्याकडेही कितीतरी घरांत हेच झालं. "परवापर्यंत फोनवर बोलत होते हो" हे वाक्य मी किती नातेवाइकांकडून ऐकलं असेल!

पण बोलता येतं म्हणजे ठीक आहे, हा समज या आजाराने मोडला. सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ८५ असलेला पेशंट मोबाइलवर बोलतोय, चहा मागतोय, "मला कशाला इथे ठेवलंय" म्हणून सिस्टरशी भांडतोय, हे आम्ही रोज पाहिलं. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की दम लागल्याची जाणीव तीव्र होते. कोविडच्या या टप्प्यात ऑक्सिजन घसरतो, पण कार्बन डायऑक्साइड बराच काळ बाहेर पडत राहतो. त्यामुळे मेंदूकडे धोक्याची घंटा उशिरा पोचते. त्यात सॅच्युरेशनचा आकडा फसवा. रक्तातल्या ऑक्सिजनचा आलेख ९० च्या वर पठारासारखा सपाट असतो आणि ९० च्या खाली घाट सुरू होतो. ९६ वरून ९२ वर यायला दोन दिवस लागतील, पण ८८ वरून ७८ वर जायला शौचालयापर्यंतची एक फेरी पुरते.

म्हणून आम्ही आकड्याच्या जोडीने माणसाकडे बघतो. असा पेशंट डोळ्यांपुढे आणा. नाकातोंडावर पिशवीचा मास्क, मिनिटाला पंधरा लिटर ऑक्सिजन, मॉनिटरवर ९४. नातेवाइकांना ९४ दिसतो आणि हायसं वाटतं. मी मात्र त्याची छाती किती वेळा वरखाली होते ते मोजते. मिनिटाला तीस. मानेचे स्नायू प्रत्येक श्वासाला ताणले जातायत. "एका दमात आकडे म्हणा" म्हटलं की सातावर थांबतो. दोन घास खायला मास्क बाजूला केला की ९४ चे ८३ होतात आणि परत वर यायला पाच मिनिटं लागतात. हा पेशंट व्हेंटिलेटरवर नाही. कागदावर लिहायचं तर "फक्त ऑक्सिजनवर आहे". पण रात्री मी ज्याच्या खाटेपासून लांब जाणार नाही, तो हाच.

व्हेंटिलेटर नसतानाही आयसीयू का, याचं उत्तर इथे आहे. आयसीयू म्हणजे यंत्रांची खोली, असं लोकांना वाटतं. यंत्रं आता वॉर्डातही बरीच आली. आयसीयूत जे मिळतं ते म्हणजे सतत बघणारा माणूस. ब्रिटनमध्ये व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एक परिचारिका आणि त्याहून कमी आजारी असलेल्या दोघांना मिळून एक, असं सर्वसाधारण प्रमाण असतं. महामारीत ते ताणलं गेलं, पण वॉर्डाशी त्याची तुलनाच होत नाही. वॉर्डात रात्री दोन वाजता पेशंटने झोपेत मास्क काढला तर कळायला अर्धा तास जाऊ शकतो. आयसीयूत काही सेकंदांत कोणीतरी खाटेपाशी असतं. घरी आल्यावर जॉन्सन यांनी जो व्हिडिओ केला, त्यात त्यांनी न्यूझीलंडची एक परिचारिका आणि पोर्तुगालचा एक परिचारक यांचे नाव घेऊन आभार मानले. ४८ तास काहीही होऊ शकलं असतं, आणि रात्रभर हे दोघं लक्ष ठेवून, विचार करून, लागेल तसे बदल करत होते म्हणून आपल्या शरीराला पुरेसा ऑक्सिजन मिळायला लागला, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. एखाद्या औषधाला त्यांनी श्रेय दिलं नाही, आणि ते अगदी योग्य होतं. त्या एप्रिलमध्ये देण्यासारखं सिद्ध झालेलं औषध कोणाहीकडे नव्हतं. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने ऑक्सिजनवरच्या आणि व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू कमी होतात, हे ब्रिटनच्याच 'रिकव्हरी' चाचणीतून जाहीर झालं १६ जून २०२० ला.

दुसरं कारण म्हणजे नळी टाकण्याची वेळ. घशातून श्वासनलिकेत ट्यूब टाकायची तर ती तयारीने, भूलतज्ज्ञ उभा असताना, दिवसाउजेडी टाकावी. पेशंट निळा पडल्यावर वॉर्डात धावपळ करून टाकलेली ट्यूब जिवावर बेतते, आणि संसर्गाच्या काळात स्टाफच्याही. म्हणून 'उद्या लागू शकेल' अशी शंका आली की आजच हलवायचं, हा आमचा साधा नियम आहे. डाउनिंग स्ट्रीटच्या निवेदनातही हेच होतं: व्हेंटिलेटरची गरज पडलीच तर म्हणून खबरदारीने हलवलं आहे. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री डॉमिनिक राब यांनी सांगितलं की त्यांना नेहमीच्या पद्धतीने ऑक्सिजन दिला जातोय, व्हेंटिलेटर नाही, बायपॅपसारखा (घट्ट मास्कमधून दाबाने हवा देण्याचा) आधारही नाही. महिन्याभराने एका मुलाखतीत जॉन्सन स्वतः म्हणाले की लिटरवर लिटर ऑक्सिजन लागत होता आणि ट्यूब टाकायची की नाही हा विषय ५०-५० पर्यंत आला होता. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात. वर वर्णन केलेला पेशंट आठवा, म्हणजे कसं ते कळेल.

ट्यूब टाकली नाही हे चांगलं झालं का? इथे परिस्थितीवर फार अवलंबून असतं आणि कोणी छातीठोकपणे सांगू नये. मार्च-एप्रिल २०२० मध्ये अनेक ठिकाणी लवकर ट्यूब टाकण्याकडे कल होता. पेशंट स्वतः जोरजोरात श्वास ओढून फुप्फुसांना आणखी इजा करून घेईल, ही एक भीती आणि हवेतून पसरणाऱ्या संसर्गाची दुसरी. पुढे अनुभव वाढला तसं हाय फ्लो ऑक्सिजन (नाकातून मोठ्या वेगाने दिलेला), जागेपणी पालथं झोपवणं आणि बारकाईने वाट बघणं याकडे आम्ही वळलो. पण वाट कोणाची बघायची आणि किती, हे वय, वजन, मधुमेह, पेशंट थकतोय की नाही आणि रात्री खाटेपाशी कोण आहे, यावर ठरतं. जॉन्सन तेव्हा ५५ वर्षांचे होते आणि वजन जास्त होतं. आपलं वजन फार होतं हे त्यांनी नंतर स्वतः बोलून दाखवलं. लठ्ठ पेशंटमध्ये पोटाचा भार फुप्फुसांच्या खालच्या भागावर पडतो, तो भाग दबतो आणि ऑक्सिजन लवकर घसरतो. अशा पेशंटच्या बाबतीत मीही त्यांना आयसीयूतच घेतलं असतं, ते पंतप्रधान असोत वा माझ्या गल्लीतले दुकानदार.

त्या दिवसांत एक आकडा सगळीकडे फिरत होता: ब्रिटनमध्ये कोविडने आयसीयूत गेलेल्यांपैकी जवळपास निम्मे दगावतात. सुरुवातीच्या राष्ट्रीय अहवालात तसं दिसतही होतं. पण त्यात फक्त निकाल लागलेले पेशंट धरले होते, म्हणजे आयसीयूतून बाहेर पडलेले किंवा मृत्यू पावलेले. जे अजून खाटेवर होते ते हिशेबात नव्हते. शिवाय आयसीयूतल्या बहुतेकांना व्हेंटिलेटर लागलेला होता. ट्यूबशिवाय ऑक्सिजनवर असलेल्या ५५ वर्षांच्या माणसाची शक्यता त्याहून बरीच चांगली असते. तरीही ती निर्धास्त राहण्यासारखी नसते. आपला मृत्यू झालाच तर तो जाहीर कसा करायचा याची आखणी झाली होती, असं जॉन्सन यांनी पुढे सांगितलं. २९ एप्रिलला जन्मलेल्या मुलाच्या नावात त्यांनी 'निकोलस' घातलं, ते उपचार करणाऱ्या दोन डॉक्टरांची आठवण म्हणून. त्या दोघांचंही नाव निक.

खास वागणूक मिळाली का? बेड सहज मिळाला असणार, यात शंका नाही. ज्या माणसाला घरी बसून ऑक्सिमीटर, फोनवर डॉक्टर आणि नदीपलीकडे मोठं हॉस्पिटल मिळतं त्याचं नशीब आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे रुग्णवाहिकेतून तीन हॉस्पिटलांच्या दारातून परत गेलेल्या माणसाचं नशीब सारखं नव्हतं, हे मी नाकारणार नाही. पण खास माणसाला खास उपचार मिळतात तेव्हा नेहमी भलंच होतं असं नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये डोनाल्ड ट्रम्प आजारी पडले तेव्हा त्यांना चाचण्यांच्या टप्प्यातलं अँटिबॉडीचं मिश्रण, रेमडेसिव्हिर आणि डेक्सामेथासोन, तिन्ही मोजक्या दिवसांत मिळालं. ऑक्सिजन लागत नसलेल्या पेशंटला डेक्सामेथासोनचा फायदा होत नाही, उलट नुकसान होऊ शकतं, हे तोवर माहीत झालं होतं. त्यामुळे जगभरच्या डॉक्टरांना तेव्हा एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: त्यांना ऑक्सिजन लावला होता का? ३ ऑक्टोबरला त्यांच्या डॉक्टरांनी या प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑक्सिजन दिल्याचं मान्य केलं आणि पेशंटचा, टीमचा आशावादी सूर राखायचा होता, असं कारण दिलं. माझ्या मते डॉक्टरने असं करू नये. आशा देणं नातेवाइकांचं, मित्रांचं काम आहे. ऑक्सिजन लागला की नाही हे सांगणं डॉक्टरचं आहे.

लंडनमध्ये उघड खोटं बोललं गेलं असं मला दिसत नाही. पण रविवारी 'तपासण्या', सोमवारी दुपारी 'उत्तम मनःस्थिती' आणि संध्याकाळी आयसीयू, या क्रमाने लोकांचा विश्वास उडाला. पंतप्रधानांना ऑक्सिजन लागतोय आणि त्याचं प्रमाण वाढतंय, एवढं एक वाक्य सोमवारी सकाळी सांगितलं असतं तर संध्याकाळचा धक्का निम्मा झाला असता. नेत्याचा खाजगीपणा जपायला हवा, मान्य. त्याच्या जुन्या आजारांची यादी लोकांना देण्याची गरज नाही. पण तो देश चालवण्याच्या स्थितीत आहे का, हे लोकांचं आहे. त्यातून ब्रिटनमध्ये पंतप्रधान अंथरुणाला खिळले तर कारभार आपोआप कोणाकडे जातो, याचा लिखित नियम नव्हता. जॉन्सन यांनी राब यांना 'गरज पडेल तिथे' आपलं काम बघायला सांगितलं, आणि त्यावर व्यवस्था चालली. सुदैवाने सांगण्याइतकी शुद्ध त्यांना होती.

लपवण्याची परंपरा मात्र जुनी आहे. १९१८ च्या सप्टेंबरात ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज मँचेस्टरमध्ये फ्लूने आडवे झाले, तिथल्या टाउन हॉलमध्येच दहाएक दिवस पडून होते आणि पहिलं महायुद्ध चालू असल्याने गांभीर्य बाहेर येऊ दिलं नाही. १९१९ च्या एप्रिलमध्ये पॅरिसमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन तापाने फणफणले असताना त्यांच्या डॉक्टरांनी पत्रकारांना सर्दी झाल्याचं सांगितलं. टांझानियाचे अध्यक्ष जॉन मागुफुली २०२१ च्या फेब्रुवारीअखेर दिसेनासे झाले, ते ठणठणीत असून काम करतायत असं १२ मार्चला पंतप्रधान सांगत होते, आणि १७ मार्चला हृदयविकाराने निधन झाल्याची घोषणा आली. या यादीत ठेवलं तर लंडनचा कारभार पुष्कळ बरा होता.

एक गोष्ट मनाला लागली होती, ती सांगते. त्या आठवड्यात "ते लढवय्ये आहेत, जिंकतील" असं मंत्री पुन्हा पुन्हा म्हणत होते. भावना समजते. पण मी ज्यांचे डोळे मिटले ते सगळे लढलेच होते हो. जगण्याची इच्छा कमी पडली म्हणून कोणाची फुप्फुसं बंद पडली नाहीत. वडील गेल्यावर मुलाने "बाबा कमी पडले का" असं विचारावं, अशी वेळ या शब्दांमुळे येते.

आता तुमच्या वडिलांचं. त्यांचं पुढे काय झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी अंदाज करत नाही. 'खबरदारी म्हणून' असं तुम्हाला सांगणारा डॉक्टर बहुतेक खोटं बोलत नव्हता, पण अर्धंच सांगत होता. उरलेलं अर्धं काढून घ्यायचं तर 'स्टेबल आहेत का' हे विचारून काही हाती लागत नाही. काल किती लिटर ऑक्सिजन होता आणि आज किती? सॅच्युरेशन त्या ऑक्सिजनवर किती, आणि मास्क काढल्यावर किती? श्वासाची गती किती? जेवता येतंय का, की घास घेताना दम लागतो? आणि सर्वांत महत्त्वाचं: पुढच्या २४ तासांत तुम्हाला कशाची भीती वाटते, आणि तसं झालं तर काय करणार? हा शेवटचा प्रश्न कोणी शांतपणे विचारला की दमलेला डॉक्टरही दोन मिनिटं थांबून सरळ उत्तर देतो. आकडा एकच असू दे, पण कालच्याशी ताडून बघा. पंधरा लिटरवरून दहावर आलेला ९२, पाचवरून दहावर गेलेल्या ९५ पेक्षा चांगला. ही पद्धत कोविडपुरती नाही. साध्या न्यूमोनियालाही चालते.

राहिला कामावर परतण्याचा मुद्दा. जॉन्सन चेकर्सला, म्हणजे पंतप्रधानांच्या गावाकडच्या सरकारी घरी, विश्रांती घेऊन २७ एप्रिलला, घरी सोडल्यापासून पंधराव्या दिवशी कामावर आले. आयसीयूतून आलेल्या माझ्या पेशंटना, ट्यूब टाकलेली नसली तरी, मी इतक्या लवकर पूर्ण वेळ कामाला सहसा सोडत नाही. अनेकांना सहा-आठ आठवडे जिना चढताना दम लागतो, झोप मोडते, वाचलेलं लक्षात राहत नाही, दुपारनंतर डोकं चालेनासं होतं. काही जण खरंच दोन आठवड्यांत उभे राहतात, आणि तेही मी पाहिलंय. जॉन्सन त्यांच्यापैकी होते की नाही हे बाहेरून ठरवता येत नाही. पण वैमानिक इतक्या आजारातून उठला तर वैद्यकीय तपासणीत पास झाल्याशिवाय विमान उडवू देत नाहीत. पंतप्रधानासाठी अशी तपासणी कुठल्याही कायद्यात नव्हती. ते बरे झालेत की नाही हे त्यांचं त्यांनीच ठरवलं, आणि देशाने टाळेबंदी कधी उठवायची हा प्रश्न त्याच आठवड्यात त्यांच्या टेबलावर होता.